हिरड्यांचे न दुखणारे दुखणे

दाढ ठणकू लागली की रात्र सरता सरत नाही आणि उजाडताच माणूस दंतवैद्याचा दवाखाना गाठतो. हिरडीच्या बाबतीत असे घडत नाही. दात घासताना थोडे रक्त येते, चूळ लालसर पडते, पण दुखत काहीच नाही. मग ब्रश कडक असावा असे समजून तो बदलला जातो, कोणी पेस्ट बदलतो, आणि बहुतेक जण रक्त येणाऱ्या जागी ब्रश फिरवणेच हळूहळू सोडून देतात. दहा-पंधरा वर्षांनी समोरचे दात पुढे झुकलेले दिसतात, त्यांच्यात फटी पडतात, चणे-शेंगदाणे चावताना दाढ हलते आणि ‘आता वय झाले’ अशी समजूत घातली जाते. वास्तविक वयाचा यात फारसा दोष नसतो. पूर्वी घरोघरी ‘पायोरिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराने आपले काम त्या पंधरा वर्षांत गुपचूप केलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार या आजाराच्या तीव्र स्वरूपाने ग्रासलेल्यांची संख्या जगात १०० कोटींहून अधिक आहे.

हा आजार समजण्यासाठी दात तोंडात कसा उभा असतो हे आधी पाहावे लागते. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये असंख्य सूक्ष्म तंतू असतात आणि या तंतूंच्या झोळीतच दात टांगलेला असतो. सुपारी फोडताना येणारा दाब हाडाला सोसतो तो या झोळीमुळे. या साऱ्या रचनेवरचे पांघरूण म्हणजे हिरडी. दात आणि हिरडीची किनार यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली एक ते तीन मिलिमीटर असते. आजाराची सुरुवात होते ती या खाचेत.

कितीही स्वच्छ घासलेल्या दातावर काही तासांत जंतूंचा पातळ, चिकट थर पुन्हा जमू लागतो. त्याला प्लाक म्हणतात. तो डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण सकाळी दातांवरून जीभ फिरवली असता जो बुळबुळीतपणा जाणवतो तो त्याचाच. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापड व्यापारी आणि सूक्ष्मदर्शकाचे वेड असलेले आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात याच थरातील वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले आहे. विशेष म्हणजे लेव्हेनहूक स्वतः रोज मिठाने दात घासत, काडीने दाढा कोरत आणि फडक्याने पुसत असत. तरीही दातांच्या फटींत पांढरट पदार्थ साचलेला त्यांना आढळला. दातांच्या पुढच्या बाजूपेक्षा फटींकडे अधिक लक्ष द्यायला हवे, ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणातही दडलेली आहे.

प्लाक निघाला नाही तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसत जातात आणि दोन-तीन दिवसांपासून तो दगडासारखा कठीण होऊ लागतो. हेच किटण. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू येथे ते सर्वांत आधी दिसते, कारण लाळग्रंथींची तोंडे तेथे उघडतात. किटण स्वतः फार उपद्रवी नसते, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर ताजा प्लाक सुखाने राहतो. ब्रशने किटण निघत नाही. मग कितीही जोर लावला तरी झिजतो तो दात.

प्लाक हेच हिरड्यांच्या सुजेचे कारण आहे, हे आज उघड वाटते. १९६० च्या दशकापर्यंत मात्र यावर दंतवैद्यांमध्येच मतभेद होते. कोणी आहाराला दोष देई, कोणी प्रकृतीला. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे काम करणारे नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञ हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग करून हा वाद मिटवला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्णपणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू होताच आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. सूज प्लाकमुळे येते आणि या टप्प्यावर ती पूर्णपणे परतवता येते.

रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश न फिरवणे किती उलटे आहे, हे येथे लक्षात यावे. सुजलेल्या हिरडीतील रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि तिचे अस्तर विरळ झालेले असते, म्हणून ब्रशच्या स्पर्शाने रक्त येते. ब्रशने इजा झाली असे क्वचितच असते. त्या जागी प्लाक साचून राहिला आहे, एवढाच त्या रक्ताचा अर्थ. मऊ ब्रशने नेमकी तीच जागा रोज दोन वेळा नीट साफ केली, तर पहिले चार दिवस रक्त येईल आणि नंतर ते कमी होत जाईल. दोन आठवड्यांनंतरही ते थांबले नाही, तर किटण साचले आहे किंवा आजार खाली उतरला आहे असे समजून दंतवैद्याकडे जावे.

आजार खाली उतरणे म्हणजे काय? हिरडीखालच्या जंतूंशी लढताना शरीर जी दाहक द्रव्ये सोडते, त्यांनी जंतूंबरोबर दाताचे तंतू आणि हाडही झिजू लागते. हिरडी मुळापासून सुटते, एक-तीन मिलिमीटरची खाच चार, सहा, आठ मिलिमीटर खोल होते. दंतवैद्य तिला पॉकेट म्हणतात. इतक्या खोल ब्रशचे केस पोहोचत नाहीत आणि चूळही पोहोचत नाही. हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना ही जागा मानवते. तोंडाची दुर्गंधी, हिरडी दाबल्यावर येणारा पू, लांबलचक दिसू लागलेले दात ही या टप्प्याची लक्षणे. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. शस्त्रक्रियेने काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत थोडे हाड पुन्हा उभे करता येते, पण बहुतांश रुग्णांत उपचाराचे उद्दिष्ट झीज आहे तेथे थोपवणे एवढेच असते. ते साधतेही. निम्मा आधार गमावलेला दात पुढे वीस वर्षे टिकल्याची उदाहरणे दंतवैद्यांना नवी नाहीत.

प्रत्येक सुजलेली हिरडी या दुसऱ्या टप्प्याला जातेच असे नाही. याच ल्यो यांनी श्रीलंकेतील चहामळ्यांवरील ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे तपासणी केली. या मजुरांना ब्रश ठाऊक नव्हता आणि दंतवैद्यही. सर्वांच्याच दातांवर प्लाक आणि किटण होते, हिरड्याही सर्वांच्याच सुजलेल्या होत्या. तरी ११ टक्के मजुरांत आजार हिरडीच्या पुढे गेलाच नाही, ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्क्यांत इतक्या वेगाने की ऐन उमेदीतच त्यांचे दात गेले. म्हणजे प्लाकवाचून आजार नाही, पण त्याचा वेग माणसागणिक बदलतो. ‘आजोबांनी आयुष्यात ब्रश धरला नाही, तरी शेवटपर्यंत बत्तीस दात शाबूत होते,’ असे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. ते आजोबा बहुधा त्या ११ टक्क्यांतले. नातू कोणत्या गटात आहे, हे मात्र आजोबांकडे पाहून ठरवता येत नाही.

वेग वाढवणाऱ्या कारणांत दोन सर्वांत मोठी आहेत, तंबाखू आणि मधुमेह. गोव्याच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक गंभीर आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील वीस वर्षांवरील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. साधारणपणे चार प्रौढांमागे एक. या आकड्याची चर्चा झाली ती हृदय, मूत्रपिंड, डोळे आणि पाय यांच्या संदर्भात. हिरड्यांचे नाव त्या यादीत अभावानेच आले. प्रत्यक्षात साखर ताब्यात नसलेल्या रुग्णांत हिरड्यांचा खोलवरचा आजार होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. रक्तातील वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशींची जंतूंना मारण्याची क्षमता मंदावते, सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, जखम भरण्यास वेळ लागतो आणि अनेकांच्या तोंडाला कोरड पडते. हिरड्यांना वारंवार गळवे येणे हे तर कित्येकदा मधुमेहाचे पहिले लक्षण असते. चाळिशीच्या आत एखाद्याचे अनेक दात एकाच वेळी हलू लागले, तर जाणता दंतवैद्य आधी रक्तातील साखर तपासून आणायला सांगतो ते यामुळेच.

हा संबंध एकाच दिशेचा नाही. तोंडातील सगळ्या पॉकेटांची आतली बाजू उलगडून पसरली, तर ती कित्येक चौरस सेंटीमीटरची उघडी जखम भरेल. एवढी जखम हातावर असती तर कोणीही स्वस्थ बसले नसते. तोंडात झाकलेली असल्याने ती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि तिथली दाहक द्रव्ये रक्तात मिसळून इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही चाचणी सुमारे ०.४ टक्क्याने खाली येते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. हा फरक लहान वाटेल. पण गोळ्या, चालणे, पथ्य सर्व चालू असूनही साखर हटत नाही अशी तक्रार करणाऱ्याने आपल्या हिरड्या एकदा दाखवून घ्यायला काहीच हरकत नाही. हृदयविकाराशीही हिरड्यांच्या आजाराचा संबंध आढळला आहे, मात्र एक दुसऱ्याचे कारण आहे असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. ‘हिरड्या जपा, हृदयविकार टाळा’ अशा जाहिराती विज्ञानाच्या दोन पावले पुढे धावतात.

तंबाखूचा कावा वेगळाच. निकोटिनने हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. वरून हिरडी फिकट, घट्ट, ठणठणीत दिसते आणि आत हाड झिजत असते. धोक्याची सूचना देणारी एकमेव खूणच तंबाखू पुसून टाकतो. काहींच्या हिरड्यांतून बिडी-सिगारेट सोडल्यावर प्रथमच रक्त येते. तेव्हा घाबरून पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. ती बिघाडाची नव्हे, रक्तपुरवठा सुधारल्याची खूण असू शकते. कोकण-गोव्यात तंबाखू भाजून केलेल्या मशेरीने दात घासण्याची सवय, विशेषतः स्त्रियांमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचीच सुधारित आवृत्ती म्हणून ट्यूबमधली तंबाखूची पेस्ट आली. दंतमंजने आणि टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण सवय कायद्याने मोडत नाही. मशेरीने दातांना आराम पडतो असे सांगितले जाते. निकोटिनची तलफ भागते तो हा आराम. ज्या जागी मशेरी रोज घासली वा धरली जाते, तेथे हिरडी मागे सरकून मुळे उघडी पडलेली दिसतात.

‘सी’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा उल्लेखही येथे करायला हवा, कारण हिरडीतून रक्त आले की अनेक घरांत प्रथम त्याच चघळल्या जातात. या उपायामागे इतिहास आहे. वास्को द गामा याच्या १४९७ ते १४९९ च्या सफरीत खलाशांचे हातपाय सुजले आणि हिरड्या दातांवर इतक्या वाढल्या की त्यांना खाता येईना, अशी नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे. ताज्या फळांवाचून महिनोन्‌महिने काढल्याने होणारा हा स्कर्व्ही. पुढे लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांवरही त्याने असंख्य बळी घेतले. परंतु कोकम, लिंबू, कैरी, पेरू आणि आवळा ज्यांच्या ताटात येतो त्यांना स्कर्व्ही होत नाही. त्यांच्या हिरडीतले रक्त प्लाकचे असते आणि प्लाकवर गोळी चालत नाही. हीच गोष्ट औषधाच्या दुकानातून मागून घेतलेल्या प्रतिजैविकांची. चिकट थरात दडलेल्या जंतूंपर्यंत ती पुरेशी पोहोचत नाहीत. सूज चार दिवस ओसरते आणि परत येते. लवंगेचे तेल ठणका शमवते, पण हिरडीचा आजार मुळात ठणकतच नाही.

दात साफ केल्याने हलतात का?

गोव्यात काय किंवा बेळगावात काय, दंतवैद्यांना हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. ‘शेजारणीने दात साफ करून घेतले आणि तिचे दात हलू लागले’ हा पुरावाही सोबत येतो. पुरावा खोटा नसतो, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. वाळवीने आतून पोखरलेल्या खांबावर चुन्याचा जाड गिलावा चढलेला असला, तर खांब घट्ट उभा आहे असे वाटते. गिलावा खरवडला की तो डुगडुगतो. पोखरण्याचे काम वाळवीने आधीच केलेले असते. किटणाचा थरही दोन-चार दातांना असाच एकत्र बांधून ठेवतो. तो निघाल्यावर हाड किती उरले आहे ते कळते. फटी वाढल्यासारख्या वाटतात, कारण किटणाने भरलेली जागा मोकळी होते आणि सुजून फुगलेली हिरडी आपल्या मूळ आकाराला येते. थंड पाणी लागते, कारण मुळाचा झाकलेला भाग उघडा होतो. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत कमी होतो. सूज ओसरल्यावर थोडेसे हलणारे दात पुष्कळदा पुन्हा घट्टही होतात.

स्केलिंगचे यंत्र दात तासत नाही. त्याचे टोक अतिशय वेगाने कंप पावते, त्या कंपनाने किटणाचे पापुद्रे सुटतात आणि सोबत पाण्याचा फवारा असतो. आजार खोल असल्यास हिरडी बधिर करून मुळापर्यंत सफाई करावी लागते आणि तरीही पॉकेट उरले तर छोटी शस्त्रक्रिया. उपचाराआधी दंतवैद्याने बारीक, खुणा केलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजली का, याकडे रुग्णाने लक्ष द्यावे. हे मोजमाप आणि क्ष-किरण चित्र यांवाचून आजार कोणत्या टप्प्यावर आहे ते कळत नाही. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, या आणखी एका समजुतीला तर शरीररचनेत कोणताच आधार नाही. दृष्टीच्या मज्जातंतूचा दाढेशी संबंध येत नाही.

घरच्या काळजीत महागड्या पेस्टपेक्षा हात कसा फिरतो हे महत्त्वाचे. ब्रश मऊ असावा आणि त्याचे केस दात व हिरडी जेथे मिळतात त्या रेषेवर तिरके टेकवून, जागच्या जागी हलकेच हलवावेत. आडवे करवतीसारखे घासल्याने दातांच्या मानेशी खाचा पडतात. दोन मिनिटे हा वेळ वाटतो त्याहून मोठा असतो. घड्याळ लावून पाहिल्यास बहुतेकांचे घासणे मिनिटभरात आटोपते आणि आतल्या, जिभेकडच्या बाजू तशाच राहतात. दोन वेळांपैकी रात्रीची वेळ कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते.

ब्रशला न पोहोचणारी जागा म्हणजे दातांमधल्या फटी, आणि आजाराची सुरुवात बहुधा तेथूनच होते. दात जवळजवळ असतील तर फ्लॉसचा धागा आणि फटी पडल्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशची चिमुकली प्रतिकृती असावी तसा फटींचा ब्रश वापरावा. बांगड्याचा काटा किंवा मानकुराद आंब्याचा दोरा अडकला म्हणून सेफ्टी पिन, आगपेटीची काडी यांनी दात कोरण्याची सवय हिरडीला जखमी करते. एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल तर ती फट दंतवैद्याला दाखवावी. तेथे दात किडला असेल किंवा पॉकेट झाले असेल.

आंब्याचे पान, कडुनिंबाची काडी यांचा अभिमान बाळगणाऱ्यांना नाउमेद करण्याचे कारण नाही. नीट चावून कुंचा केलेली काडी धीराने फिरवली तर ती दातांच्या पुढच्या बाजू चांगल्या साफ करते. मागच्या दाढा आणि फटी तिला साधत नाहीत, एवढेच. राख, कोळसा आणि वाळूसारखी खरबरीत मंजने मात्र सोडलेलीच बरी. क्लोरहेक्सिडिनसारख्या औषधी गुळण्या दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरत्याच घ्याव्यात, कारण लांबवल्यास दात काळपट पडतात आणि चव बिघडते.

गरोदरपणी संप्रेरकांच्या बदलामुळे थोड्याशा प्लाकनेही हिरड्या खूप सुजतात. त्या काळात दात साफ करून घेणे सुरक्षित आहे, तरी ‘बाळंतपणानंतर पाहू’ असे म्हणून ते टाळले जाते. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन, फेफऱ्यावरील फेनिटॉइन अशा काही औषधांनी हिरड्या वाढून दातांवर चढतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता दंतवैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगावे.

खासगी दवाखान्यातील खर्च परवडत नसल्यास बांबोळीच्या शासकीय गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळात हिरड्यांवरील उपचारांची सोय आहे. एका भेटीत सगळे आटोपेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. आजार हाडापर्यंत गेलेल्या रुग्णाला प्रथम दर तीन महिन्यांनी आणि नंतर दंतवैद्य ठरवेल त्या अंतराने येत राहावे लागते, कारण साफ केलेल्या पॉकेटात जंतू काही महिन्यांत पुन्हा वस्ती करतात. मधुमेहींनी शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, न्याहारी आणि नेहमीची औषधे घेऊनच जावे आणि साखरेचा ताजा अहवाल सोबत न्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे. त्या परस्पर थांबवू नयेत.